बिनलेबलच्या दोन बाटल्या

कुरार, मालाड (पूर्व)
९ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,
नीलमचा सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही गावी गेल्याला आज तीन आठवडे झाले. तुमची खाट अजून तशीच आहे, कारण श्रुतिका ती उचलू देत नाही. म्हणते, आजोबा पुढच्या तपासणीला येणारच आहेत, मग कशाला उचलायची. गळ्याच्या भोकावरचं फडकं रोज धुता ना? मानसी वहिनी धुते असं लिहू नका. तुम्ही आठवण करता का, ते लिहा.

फोनच करणार होते. पण फोनवर मी एकटीच बडबडते आणि तुम्ही तिकडून टिचक्या मारता, एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. ऑपरेशनने तुमचा आवाज नेला, अक्षर मात्र अजून टपोरं आहे. आणि गाडीचं दुखणं हो-नाहीत सांगून होत नाही, म्हणून कागद घेतला.

पिकअप दोन-चार दिवसांपासून जड चालते आहे. गोरेगावच्या स्टुडिओत सेटचे प्लायवूड पोचवून आले, उतरून सहज मागच्या चाकाला हात लावला तर चटका बसला. श्रुतिका शेजारी बसली होती, ती म्हणाली काहीतरी जळल्याचा वास येतोय. ब्रेक दाबला की लागतो, पण सोडला की लगेच सुटत नाही. हट्टी मुलासारखा धरून बसतो. लोड जास्त नव्हता. तुम्ही कमानीचे जादा पाटे काढून घेतल्यापासून मी जास्त माल घेतच नाही, घेतला तर गाडी मागून बसते.

त्या पाट्यांवरून इथे रामायण झालं, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. विकीने ते हौसेने बसवले होते, आणि चैतन्यने तेव्हा त्याला जॅक धरून मदत केली होती. आपण ते काढले हे माझ्या या दिराला तुम्ही गेल्यावर कळलं. आला आणि सगळ्या गल्लीसमोर ओरडला की दादा जाऊन दोन वर्षं झाली नाहीत तर वहिनी त्याची एकेक खूण उपटून फेकते आहे. मीही तापले. त्यावर म्हणाला, बसव तुला हवं ते, एक दिवस ब्रेक लागणार नाहीत तेव्हा दादा आठवेल. मग पाटे खांद्यावर टाकून खाली सासूबाईंकडे घेऊन गेला. ते शब्द काही डोक्यातून जात नाहीत. रविवारी गाडी धुवायला मात्र न चुकता येतो, तोंड फुगवून.

ब्रेकचं काय करू ते सविस्तर कळवा. आणि हो, तुम्ही होतात तेव्हा एकदा माझं पिठलं करपलं होतं, तरी दोनदा मागून घेतलंत. एवढी भीड लेकीची धरू नये.

माया आहेच, पत्राने ती दिसूही द्या.
तुमची,
नीलम


सोनगाव, ता. मेहकर
१३ फेब्रुवारी २०२५

चि. नीलम हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र काल पावले. फडकं मी स्वतः धुतो. मानसी फक्त वाळत घालते.

चाक तापतं म्हणजे ब्रेक पूर्ण सुटत नाही. घाबरण्यासारखं काही नाही. अशा वेळी नव्वद टक्के हँडब्रेकची केबल आत गंजून अडकलेली असते. दत्तारामला म्हणावं केबल काढून ग्रीस लाव, मागचे ड्रम उघडून लायनर घास, आणि चारही चाकं वर उचलून हाताने फिरवून बघ. तो मालवणी माणूस हुशार आहे, पण त्याला उगाच सगळं उघडून बघायची खोड आहे. ब्रेकच्या ऑइलच्या डबीला हात लावू देऊ नकोस. निघालो त्या सकाळी मी ती स्वतःच्या हाताने काठोकाठ भरली आहे. झाकण पुन्हा पुन्हा उघडलं की ते ऑइल हवेतली ओल धरतं. तिकडे बघायची गरजच नाही.

पाट्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. विकी गुणी होता, पण पाटे वाढवले की माल वाढतो आणि ब्रेक मात्र पहिल्याइतकेच राहतात, हे त्याला मी तेव्हाही सांगितलं होतं. एकतीस वर्षं डेपोत बसच्या पोटाखाली झोपलो आहे. गाडी कुठे मरते ते मला ठाऊक आहे. चैतन्य बोलतो तडतडा, पण धुतलेली गाडी बघ, चाकाच्या नटांतली मातीसुद्धा काढतो. अशा माणसाच्या शब्दांना फार वजन देऊ नये.

उतारावर दुसऱ्या गियरमध्ये उतर. श्रुतिकाला पापा.
भेटीची ओढ तिकडेही असू दे.
तुझा,
अण्णा


कुरार, मालाड (पूर्व)
२० फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,
सविनय जयभीम.

मी जिवंत आहे, हे आधी वाचा आणि मग पुढचं. फोन केला नाही कारण फोन मानसी वहिनीच्या हातात असतो, आणि हे मला तुमच्याशिवाय कुणाला ऐकवायचं नाही.

मंगळवारी दुपारी स्टुडिओतला उतार उतरत होते. मागे बारा-चौदा प्लाय होते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दत्तारामने केबल केली होती, लायनर घासले होते, तरी चाकं तापणं थांबलं नव्हतं. मध्यावर आले आणि ब्रेक दाबला तर पॅडल चिखलात पाय जावा तसं थेट खाली गेलं. पुन्हा दाबलं, काही नाही. समोर उताराच्या टोकाला शूटिंगचं जेवण चाललं होतं, पन्नास-साठ माणसं ताटं हातात धरून रांगेत उभी. दुसऱ्या गियरमध्ये होते म्हणून वाचले. हँडब्रेक खेचला, हॉर्नवर हात ठेवून बेंबीच्या देठापासून ओरडले आणि डावीकडे गाडी घातली. तिथे पोलीस चौकी होती. खोटी, प्लायची, मीच आठवड्यापूर्वी तिच्या भिंती नेऊन टाकल्या होत्या. चौकीतून आरपार जाऊन मागच्या मातीच्या ढिगात थांबले. रंगारी पाचच मिनिटांपूर्वी शिडीवरून उतरून जेवायला गेला होता. आज सगळे हसतात की मॅडम पोलिसांना न जुमानता गेल्या. मीही हसते. त्याच्या दोनच दिवस आधी, रविवारी, त्याच उतारावर श्रुतिका माझ्या शेजारी बसली होती.

आता खरी गोष्ट. काल दत्तारामने ब्रेकची डबी उघडली. त्याने बोट बुडवलं आणि हुंगलं. म्हणाला, ताई, ह्यात इंजिनचं ऑइल आहे. आतले रबर भिजवलेल्या वालासारखे टम्म फुगले होते, काहींचे तुकडे पडले होते. मी म्हणाले, चुकून गेलं असेल. तर म्हणाला, शिकाऊ पोरगासुद्धा ही चूक करत नाही, हे कुणीतरी समजून केलेलं काम आहे.

ती डबी तुम्ही भरलीत. त्यानंतर बॉनेट कोण उघडणार? बॉनेटचा खटका गाडीच्या आत आहे, म्हणजे चावी हवी. एक चावी माझ्या गळ्यात असते, दुसरी सासूबाईंकडे खुंटीला. ती घेऊन दर रविवारी चैतन्य येतो. आणि त्याचे ते शब्द मी तुम्हाला लिहिलेच होते.

अण्णा, मला फार भीती वाटते. गाडी आता मी दत्तारामच्या गॅरेजमध्येच ठेवली आहे. खालून सासूबाईंनी कालवण पाठवलं तर आधी मी खाते, तासभर थांबते, मग श्रुतिकाला वाढते. असं करताना स्वतःची लाज वाटते, तरी थांबते. जिन्यावर चैतन्यची पावलं वाजली की कडी नीट लागली आहे ना, ते बघते. ज्याला मी वहिनी म्हणून डबे भरून दिले, त्याने हे करावं?

पोलिसांत जावं असं मनात आहे. पण अंधेरीला विमानतळावर सामान चढवायच्या नोकरीसाठी त्याचे कागद गेले आहेत, पोलीस तपासणी झाली की पास मिळणार. तक्रार झाली तर ते सगळं संपलं. म्हणून तुम्हाला विचारते. १ मार्चपर्यंत तुमच्या पत्राची वाट बघते.

जीव लावता तसा थोडा धीरही पाठवा.
तुमची,
नीलम


सोनगाव
२५ फेब्रुवारी २०२५

चि. नीलम हिस,
आशीर्वाद.

तू सुखरूप आहेस हे वाचलं. जास्त लिहवत नाही, हात साथ देत नाही.

सीटखालच्या पेटीत काचेच्या दोन बाटल्या आहेत, कोकम सरबताच्या. दोन्हींत ऑइल आहे. कुठली किती भरलेली आहे ते बघून लिही. दत्तारामला दाखवू नकोस. पोलिसांत जायची घाई करू नये. थोडं थांबावं.

श्रुतिकाला जप.
अण्णा


कुरार, मालाड (पूर्व)
२ मार्च २०२५

ती. अण्णांस,
सविनय जयभीम.

तुमचं कार्ड शुक्रवारी मिळालं. चार ओळी. लेक मरता मरता वाचली आणि तुम्ही बाटल्यांची चौकशी करता. तरी बघितलं. दोन्ही बाटल्या सारख्या, दोन्हींत पिवळसर ऑइल, कशावरही नाव नाही. एक गळ्यापर्यंत भरलेली आहे, दुसरी चार बोटं कमी. आता याचं लोणचं घालायचं का?

त्याच दिवशी मी फोन केला. मानसी वहिनीला म्हटलं फोन अण्णांच्या कानाला लाव आणि जरा बाहेर जा. मग तुम्हाला विचारलं, जाऊ का पोलिसांत? एक टिचकी मारा किंवा दोन. तुम्ही एकही मारली नाहीत. नुसता गळ्यातून श्वास येत होता. मी तीनदा विचारलं. लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही मागे सरता, असं वाटून मला इतका राग आला की काय सांगू. आयुष्यभर आम्हाला शिकवलंत की अन्याय सोसू नका, लिहा, बोला, अर्ज द्या.

म्हणून काल जाऊन तक्रार दिली. या वेळी खऱ्या चौकीत. त्यांनी चैतन्यला बोलावून घेतलं आणि दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. सासूबाई माझ्या पायरीवर बसून रडल्या. मी दार उघडलं नाही. साहेब म्हणाले, सोमवारी १० तारखेला दोघांचे जबाब घेऊ आणि मग गुन्हा नोंदवायचा की नाही ते बघू. त्याचा पास तोवर अडकला.

चैतन्य चौकीत काहीच बोलला नाही. मी नाही केलं, एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का? तुम्हीच सांगा. की याचंही उत्तर टिचकीशिवाय राहणार?

रागावले आहे, पण तुमचीच,
नीलम


कुरार, मालाड (पूर्व)
३ मार्च २०२५

ती. राजारामकाका यांस,
चैतन्यचा सविनय जयभीम.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. पत्ता आईच्या वहीतून घेतला.

वहिनीने माझ्यावर काय घातलंय ते तुम्हाला कळलं असेलच. मी ते शब्द बोललो होतो, ते खरं. डोकं फिरलं होतं. ते पाटे दादाने आणि मी भर उन्हात बसवले होते, त्याच्या हाताचं तेवढंच राहिलं होतं. पण काका, त्या गाडीत माझी पुतणी बसते. मी गाडी धुतो ती बाहेरून. बॉनेटला हातसुद्धा लावलेला नाही.

आता जे लिहितो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही निघालात त्या सकाळी मी नळावर बादली भरत होतो. तुम्ही बॉनेट उघडून उभे होतात. दोन बाटल्या हातात होत्या. दोन्हींतलं ऑइल तुम्ही बोटांवर घासलंत, एकदा, मग परत एकदा. मग बाटली नाकाशी धरलीत, खाली घेतलीत, पुन्हा धरलीत. मला वाटलं, एवढा मोठा मिस्त्री आणि एवढा वेळ का लावतो. मग तुम्ही एक ओतलीत. तुमच्यावर शंका घ्यायची माझी लायकी नाही. दादाला आणि मला साधा पाना धरायला तुम्ही शिकवलंत. पण चौकीत बाकावर बसून बसून मला तेच दिसत राहिलं.

मी हे पोलिसांना बोललो नाही. आजारी माणसाचं नाव घेऊन सुटला, असं गल्ली म्हणेल. आणि वहिनी तरी विश्वास ठेवणार आहे का? पण काका, मी काही साधू नाही. ही नोकरी दीड वर्ष रखडून लागतेय. सोमवारी माझा जबाब आहे, तोवर वाट बघतो. तुम्ही काही कळवलं नाहीत तर मला जे दिसलं ते मी सांगणार.

राग मानू नये, एवढीच विनंती.
आपला,
चैतन्य


सोनगाव
६ मार्च २०२५

चि. नीलम हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

हे पत्र बसून, दिवसाउजेडी, पूर्ण शुद्धीत लिहितो आहे. चौकीत मला बोलता येणार नाही. म्हणून हेच पत्र साहेबांसमोर ठेव, हाच माझा जबाब.

ब्रेकच्या डबीत इंजिनचं ऑइल मी ओतलं. चैतन्यने नाही.

मला वास येत नाही, नीलम. ऑपरेशन झालं तेव्हापासून मी गळ्याच्या भोकातून श्वास घेतो, नाकात हवा जातच नाही. आवाज गेला ते सगळ्या जगाला कळलं, भेटायला येणाऱ्यांनी हळहळ केली. वास गेला ते कुणाला दिसलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. काय सांगायचं? फुलाचा वास येत नाही म्हणून म्हातारा रडतो, असं हसले असते. तुझं पिठलं करपलं होतं हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

डेपोत आमच्या बाटल्यांना कधी लेबल नव्हतं. नाक असताना लेबल कशाला, असं मीच पोरांना म्हणायचो. त्या सकाळी दोन्ही बाटल्या धरून उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की मला यातलं काहीच सांगता येत नाही. दत्तारामला विचारता आलं असतं. तुला हाक मारता आली नसती, पण खूण करता आली असती. तू पदर खोचून कौतुकाने बघत होतीस, श्रुतिका मैत्रिणीला सांगत होती की माझे आजोबा मिस्त्री आहेत. मी बोटांवर भरवसा ठेवला आणि ओतलं. नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात की ब्रेकमध्ये इंजिनचं ऑइल गेलं तर माणूस जातो. हे मी किती पोरांना शिकवलं असेल, त्याची गणती नाही.

आणि वरून तुला लिहिलं, डबीला हात लावू देऊ नकोस. दत्तारामने तेव्हाच उघडली असती तर तुझ्यावर ती वेळ आली नसती.

तुझं वीस तारखेचं पत्र मला २४ तारखेला मिळालं. पहिल्या वाचनातच मला कळलं. कार्ड लिहिलं ते बाटल्यांचं खरंखोटं करायला नाही, वेळ काढायला. तू फोनवर विचारत होतीस तेव्हा माझं बोट फोनवरच होतं. दोन टिचक्या मारल्या तर तू विचारणार, का नाही? आणि एक मारली तर एक पोरगा आत जाणार. मी बोट उचललं नाही. इतका भ्यालो होतो. पोलिसांना नाही. तू मला पुन्हा कधी गाडीला हात लावू देणार नाहीस, याला भ्यालो.

रविवारी विहारात वंदनेला गेलो. माझे नुसते ओठ हलतात, आवाज बाकीच्यांचा असतो. मुसावादा वेरमणी आलं, खोटं न बोलण्याचं शील, आणि ओठसुद्धा हलेनात. मला वाटायचं, ज्याला वाचाच नाही तो खोटं काय बोलणार. गप्प राहूनही बोलता येतं.

चैतन्यने मला ओतताना पाहिलं होतं. त्याने तसं मला लिहिलं, आणि चौकीत मात्र माझं नाव घेतलं नाही. हे तुला कळायला हवं.

हे स्पीड पोस्टने पाठवतो. मागोमाग शनिवारच्या गाडीने मीही निघतो, रविवारी पोचेन. दार उघडशील तर बरं. न उघडलंस तरी मी सोमवारी चौकीत असेन.

तुझा,
अण्णा


कुरार, मालाड (पूर्व)
२३ मार्च २०२५

ती. अण्णांस,
सविनय जयभीम.

तुम्ही परत गेलात त्याला आता दहा दिवस होतील. सुखरूप पोचल्याचं मानसी वहिनीने कळवलं. तुम्ही इथे होतात तेव्हा मी फार बोलले नाही, ते आज लिहिते.

गाडी चालू झाली. दत्तारामने मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे रबर, नळ्या, सगळं नवं घातलं. दोन्ही बाटल्या त्याने माझ्यासमोर गटारात रिकाम्या केल्या आणि तुम्हाला निरोप सांगितला की मिस्त्री, नाक कुणाचंही जाऊ शकतं, लेबल चिकटवायला नुसता डिंक लागतो. तो वाईट अर्थाने बोलला नाही. उतार आला की माझा पाय अजून आपोआप ब्रेकवर जातो, गरज नसताना. हळूहळू जाईल म्हणतात.

तक्रार मागे घेतली हे तुम्ही पाहिलंच. साहेब बरे होते, तुमचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि तुम्हाला चहा दिला. पण चैतन्यच्या कागदावर एकदा चौकशी चालू असा शेरा पडला तो पडला. विमानतळवाल्यांनी त्याला तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज कर म्हणून सांगितलं, तेव्हा जागा असली तर. तो अंधेरीला मित्राकडे राहायला गेला. मी दोनदा गेले माफी मागायला. पहिल्यांदा भेटला नाही. दुसऱ्यांदा भेटला, म्हणाला वहिनी, झालं ते झालं. चहा विचारला नाही. गाडीची दुसरी चावी त्याने जायच्या आधी माझ्या दाराच्या कडीला सुतळीने बांधून ठेवली होती. रविवारी आता मीच गाडी धुते. नटांतली माती माझ्याच्याने निघत नाही.

ब्रेक तुमच्या हातून गेले, ते दुरुस्त झाले. त्याचा मला राग नाही, खरंच नाही. तुम्हाला कळूनही तुम्ही लिहिलं नाहीत, त्या दहा दिवसांचा राग आहे. त्या दहा दिवसांत मी एका सरळ माणसाला खुनी ठरवलं आणि सासूबाईंच्या हातचं अन्न आधी चाखून बघितलं. तेही तुमच्या एकट्याच्या डोक्यावर कसं घालू? शब्दावरून माणूस ओळखण्याची घाई माझी होती. मला आता चैतन्यची भीती वाटत नाही, माझीच वाटते.

आणि तुमची. म्हणजे तुमच्यासाठी. करपलेलं पिठलं तुम्ही दोनदा मागून घेतलंत आणि मी ती भीड समजले, हे रोज जेवताना आठवतं. वर्ष होत आलं ऑपरेशनला, आणि तुमचं काय काय गेलं हे मी कधी विचारलंच नाही. आवाज गेला तेवढाच धरून बसले.

म्हणून आता विचारते. टिचकी नको, लिहा. आणखी काय काय गेलंय? सगळं लिहा. लाजू नका, मी हसणार नाही. आणि गाडीचं म्हणाल तर पुढच्या खेपेला पाना तुमच्याच हातात देईन, फक्त शेजारी मी उभी राहीन.

रागाच्या वर असलेली माया समजून घ्या.
तुमची,
नीलम


सोनगाव
२८ मार्च २०२५

चि. नीलम हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तू विचारलंस म्हणून लिहितो.

औषधांनी दोन्ही हातांच्या बोटांची टोकं बधिर झाली आहेत. गरम-गार कळतं, पण उशिरा. सदऱ्याची बटणं मानसीचा मुलगा लावून देतो. मी त्याला सांगितलंय की हा आपला खेळ आहे.

डावा कान अर्धा गेला आहे. गाडीचं इंजिन मी उजव्या बाजूने ऐकतो.

गिळताना भीती वाटते, म्हणून सगळ्यांचं जेवून झाल्यावर एकटा जेवतो. मला उशिरा भूक लागते असं घरात समजतात.

सकाळी मानसी शेतात गेली की मी घरात एकटा असतो. अकराच्या सुमारास चहा करतो. गॅसचं बटण फिरवायच्या आधी, कुठे गळत तर नाही ना म्हणून, रोज वाकून वास घेतो. मग आठवतं. मग दारं-खिडक्या उघडून अंगणात जाऊन उभा राहतो, शंभर मोजतो, आणि आत येऊन काडी ओढतो. काडी ओढताना डोळे मिटतो.

हे मानसीला सांगितलेलं नाही. तुला पहिल्यांदा सांगतो आहे.

सध्या एवढंच आहे. आणखी काही गेलं तर लगेच कळवीन.

तुझा,
अण्णा